भाकरी सोडून खाल्लेलं सगळं

कुणी विचारलं तुला काय होतंय, तर मी सरळ सांगतो, मला फिट येतीय. लाजत न्हाई. लोक च्च च्च करतात, कोण कांदा हुंगवायला सांगतंय, कोण कुठल्या तरी वैद्याचा पत्ता देतंय, तिथवर सगळं ठीक. त्याच्या पुढचं सांगायला लागलो की मात्र हसतात. पुढचं म्हणजे हे, की फिट बंद करणारी गोळी मला मिळालती, लागू पडलती, आणि माझ्या घरच्यांनी ती मला जेवायला घालून घालून बंद पाडली. व्हय, जेवायला घालून. उपाशी ठेवून न्हाई. हसा आता.

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हाईतर मी असाच उलटसुलट सांगत सुटतो.

आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. अप्पांचं गुळाचं दुकान. घरात चौघंच. अप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, अज्जा म्हणजे अप्पांचे वडील, आणि मी एकुलता एक. अव्वा निपाणीची, रागावली की कानडीत रागावती आणि लाड केले की मराठीत. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत न्हाई. हे मुद्दाम सांगतोय, कारण कोल्हापुरात बारीक पोराला बघून माणसं एकच औषध सांगतात, आणि ते आमच्यात चालत न्हाई.

पहिली फिट चौथीत आली. शाळेत प्रार्थनेला उभा होतो, डोळे मिटलेले, आणि उघडले तेव्हा मी आडवा आणि वर पोरांची तोंडं. मग गोळ्या सुरू झाल्या. त्या जुन्या गोळीनं फिट कमी झाल्या पण बंद झाल्या न्हाईत, कधी महिन्याला, कधी दोन महिन्याला यायचीच. आणि त्या गोळीनं भूक लागायची, अशी लागायची की काय विचारू नका. जेवून हात धुतला की परत भूक. मी गोल झालतो. घरात सगळे खूष. फिट येऊन पडलो की अव्वा रडायची, पण दुसऱ्या दिवशी ताटावर बसलो की तिचं तोंड फुलायचं. "खातोय न्हवं पोरगं," म्हणायची. "खातंय ते जगतंय."

मला पाहिजे होतं ते दुसरंच. इचलकरंजीला माझ्या मामाचं मागाचं शेड हाय. लहानपणापासनं सुट्टीला तिथं जायचो. माग सुरू असले की बोललेलं ऐकू येत न्हाई, सगळे खुणा करतात, जमीन पायाखाली थरथरती, आणि त्या सगळ्या खडखडाटात कापड मात्र गपगुमान एक एक बोट पुढं सरकतंय. मला ते लई आवडायचं. धागा तुटला की मी मामाच्या आधी बघायचो. मामा मला म्हणायचा, "हात बसलाय की रं तुझा." पण मागाजवळ उभा राहू द्यायचा न्हाई, दारातच खुर्ची टाकून बसवायचा. दहावी झाल्यावर मी त्याला विचारलं, बारावीनंतर येऊ काय कायमचा, काम शिकायला? तो म्हणाला, "ये की. खरं वर्षभर फिट न्हाई आली तर ये. तू मागात पडलास तर मी अक्काला तोंड काय दाखवू?"

बरोबरच बोलला. मला त्याचा राग आला न्हाई. वर्षभर, एवढंच डोक्यात घेतलं.

आणि त्याच सुमाराला डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी आलीय म्हणाले, बघूया. पहिल्या महिन्यात एक फिट आली, बारकी, पुढं न्हाईच. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. तुम्हाला कळणार न्हाई ते काय असतंय. मी जिन्यावरनं उतरताना कठड्याला धरायचं विसरायला लागलो! रंकाळ्यावर एकटा फिरून आलो आणि घरी कुणाला सांगितलं न्हाई. सकाळी उठलो की पहिला विचार फिटचा यायचा, तो यायचा बंद झाला. मी मनात शेडमध्ये पोचलोच होतो, खरं सांगतो, मामाच्या माडीवर कुठली खोली घ्यायची ते पण ठरवलतं.

फक्त भूक गेली.

भूक मेली म्हणतात तसली न्हाई. तापात तोंड कडू होतंय तसंही न्हाई. भूक म्हणून काय असतंय हेच विसरलो. सकाळी चहा पिऊन कॉलेजला जायचो आणि चार वाजले तरी पोटातनं एक हाक यायची न्हाई. हात थरथरायचे, डोळ्यापुढं अंधारी यायची, तेव्हा कळायचं की अरे, आपण काय खाल्लंच न्हाई. आणि जेवायला बसलो की चार घासांत गळ्यापर्यंत भरल्यासारखं. पाचवा घास तोंडात नुसता फिरायचा, चावून चावून त्याचा लगदा व्हायचा पण खाली उतरायचा न्हाई. चवीचं तर विचारूच नका. गोटी सोडा मला जीव की प्राण, तो त्या गोळीवर असा लागायचा जसं कुणी खडू विरघळवून दिलाय. मी सोडावाल्याशी भांडलो, म्हणालो गॅस गेलाय ह्यातला. तो म्हणाला, "पावणं, गॅस हाय, तुमचं तोंड गेलंय."

तर मी वाळायला लागलो. पँट सुतळीनं बांधायची वेळ आली. कॉलेजात पोरं "काय पैलवान, कुठल्या तालमीत?" म्हणून ओरडायची. माझा एक दोस्त होता शाहूवाडीकडचा, भाताच्या गावचा, इथं खोली करून राहायचा. त्याला माझं सगळं माहीत होतं. तो दर रविवारी कानाशी येऊन बोलायचा, "एक वाटी पांढरा रस्सा. एकच. तुझ्या अज्जाला कोण सांगतंय?" मी म्हणायचो, अरे मला वास बी नको वाटतोय, नुसता भात बी नको वाटतोय. तो म्हणायचा, "मग गोळी मला दे. महिन्याचा मेसचा डबा वाचंल."

डॉक्टरांनी वजन बघितलं आणि गंभीर झाले. अप्पांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. गोळी चांगली चाललीय, फिट थांबल्यात, पण हिचा गुणच आहे भूक घालवायचा. तर ह्याला भुकेवर सोडू नका, घड्याळावर खायला द्या. थोडं थोडं, दिवसातनं सहा-सात वेळा. एकदम ताट भरून नको, ते त्याला जाणार न्हाई. कमी मावतंय तर जे द्याल ते दणकट द्या, तूप, शेंगदाणे, दूध, केळी. आणि वजन ह्याच्यापेक्षा खाली आलं तर मला गोळी बंद करायला लागंल, दुसरा इलाज न्हाई. इतकं सरळ सांगितलं. मी शेजारीच बसलतो, एक एक शब्द ऐकला. माझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न होता, मी कसा न्हाई ऐकणार?

अप्पांनीही ऐकलं. पण घरी येऊन चप्पल काढता काढता अव्वाला काय सांगितलं? "वजन कमी हाय म्हणाले. तूप, दूध, शेंगदाणे वाढव म्हणाले." झालं. थोडं थोडं वाटेतच कुठंतरी पडलं.

"अप्पा, थोडं थोडं म्हणालेत. सहा-सात वेळा," मी म्हणालो.

"ते व्हय, ते पण म्हणाले."

"सहा वेळा काय," अव्वा म्हणाली, "दोन वेळचं पोटभर खाईना, सहा वेळा कुठलं खातंय हे?"

आता आमच्या घरातला जेवणाचा प्रकार सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. आमच्यात अन्न म्हणजे प्रसाद. अज्जा रोज गळ्यातल्या लिंगाची पूजा करायचे आणि मगच ताटावर बसायचे. ताटात आलेला एक कण टाकायचा न्हाई. जेवण झालं की अज्जा ताटात पाणी ओतायचे, बोटानं सगळं फिरवून धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. ताट असं व्हायचं की परत घासायला नको. मी लहानपणापासनं तसंच शिकलो आणि मला त्याचा अभिमानच होता, दोस्तांच्या घरी जेवायला गेलो की त्यांच्या आया मला दाखवून पोरांना बोलायच्या. म्हणजे नियम काय, तर वाढलेलं संपवायचं. चांगला नियम हाय. फक्त वाढणार कोण? वाढणार अव्वा. आणि वाढप्याचा हात कुठं थांबावा ह्याचा नियम कुणी केलेला न्हाई.

दुसरं असं की आमच्यात जेवण मोजतात ते भाकरीत. कुणी आजारी हाय काय? एकच भाकरी खाल्ली. बरं झालं काय? दोन खाल्ल्या. भाकरी सोडून जे खाल्लेलं असतंय ते खाल्लेलं धरतच न्हाईत. लाडू म्हणजे तोंडात टाकायची गोष्ट. दूध म्हणजे प्यायची. केळं म्हणजे पोरखेळ. सकाळपासनं तुम्ही शेरभर शेंगदाणे खाल्ले असतील आणि जेवायला अर्धी भाकरी घेतली तर अव्वा सगळ्या गल्लीला सांगणार, "पोरानं दिवसभर काय खाल्लं न्हाई."

तर डॉक्टरांचं तूप, दूध, शेंगदाणे हे सगळं आलं, आणि आलं ते त्याच ताटात, त्याच वेळेला, दोन भाकरींच्या वर. भाकरी दुधात कुस्करलेली, त्यावर तुपाची धार, शेजारी शेंगदाण्याची चटणी डोंगराएवढी, आमटीचा वाडगा वेगळा. डोंगरच तो. मी हात जोडायचो, "अव्वा, अर्धी काढ. काढ की गं. संपवायला लागतंय मला."

"संपवायला लागतंय म्हणून तर वाढलंय," अव्वा म्हणायची.

अज्जा समोर बसलेले असायचे. ते कधी रागावले न्हाईत, तेच तर वाईट. आपलं ताट धुऊन पिऊन झालं तरी उठायचे न्हाईत, माझं संपेपर्यंत बसायचे, सोबत म्हणून. "सावकाश खा लेका. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" असं म्हणत तासभर बसायचे. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखायचे. म्हणून मी संपवायचो.

मग अव्वा पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन यायची, माझ्या तोंडात टाकायची, जीभ बाहेर काढून दाखवायला लावायची. आणि ज्या दिवशी लई झालं त्या दिवशी मी न्हाणीघरात जायचो. तोंडात बोट घालायला लागायचं न्हाई हो, लोकांना असं वाटतंय. नुसतं खाली वाकलं की सगळं बाहेर. भाकरी, तूप, दूध, आणि त्यात गोळी. अख्खी. मी डोळ्यानं बघायचो.

मी काय लपवलं न्हाई. पहिल्याच दिवशी बाहेर येऊन सांगितलं, "अव्वा, ओकलो. गोळी बी पडली."

अव्वानं कपाळाला हात लावला. "उष्ण हाय ती गोळी. मी म्हणालेच होते. जिरंना पोटात." आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवून म्हणाली, "पोट रिकामं झालं की रं. ये, अर्धी भाकरी खा."

मी बोलतोय काय आणि ती ऐकतीय काय! मी म्हणतोय जेवणानं गोळी बाहेर काढली, ती म्हणतीय गोळीनं जेवण बाहेर काढलं.

मधी एक महिना मात्र असा गेला की तो आठवला की आजही माझं डोकं फिरतंय. निपाणीला अव्वाच्या आईचं ऑपरेशन झालं आणि अव्वा तिकडं जाऊन राहिली. अज्जांना पण तिनं सोबत नेलं, त्यांचं पथ्यपाणी इथं कोण करणार म्हणून. घरात मी आणि अप्पा. जाताना भाकरी करायला शेजारच्या काकूंना सांगून गेली, पीठ डबाभर दळून ठेवून गेली.

मी त्या महिन्यात कॉलेज सुटलं की दुकानात जायचो. कुणी वाढायला न्हाई, कुणी बघायला न्हाई. खिशात शेंगदाणे आणि गुळाचे खडे भरायचे आणि तास झाला की एक मूठ. भूक लागली म्हणून न्हाई, घड्याळात झाले म्हणून. नको वाटलं की थांबायचो, तो थांबायचा हक्क मला पहिल्यांदा मिळाला. संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जायचो, तिथं म्हशी दारात आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात. फेसाळ, कोमट. चावायला लागत न्हाई बघा, म्हणून जायचं. डोळे मिटून, सावकाश, एक ग्लास. कधी दीड. त्यातला म्हैसवाला म्हणायचा, "बारक्या, ग्लास काय औषध पिल्यागत पितोस?" मी म्हणायचो, औषधच हाय दादा. शाहूवाडीचा दोस्त गावाकडनं आला की आईकडनं शेंगदाण्याचे लाडू घेऊन यायचा, "बिनमटणाचे हायत, घाबरू नको." भाकरी दिवसाला पाव, कधी अर्धी. ओकलो न्हाई. एकदाही न्हाई.

महिन्यानं डॉक्टरांकडं गेलो, काट्यावर उभा राहिलो, आणि काटा वर गेलता! डॉक्टर अप्पांकडं बघून हसले, म्हणाले, जमलं की तुम्हाला. असंच चालू ठेवा. अप्पांनी पण बघितला तो काटा. माझ्या शेजारी उभे होते ते. रस्त्यात त्यांनी मला विचारलं, "काय खात होतास रं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." बास, एवढंच. मला वाटलं आता हे घरी सांगतील.

अव्वा आली. पिशवी ठेवली, पदर खोचला, आणि सरळ पिठाचा डबा उघडला. पीठ निम्म्याच्या वर तसंच. ती डब्यापुढं खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं. मला वाटलं निपाणीला काय झालं की काय!

"माझ्या पोराला उपाशी ठेवलं," ती अप्पांना म्हणाली. "महिनाभर. हे बघा पीठ. हे बघा!"

"अव्वा, वजन वाढलंय माझं!"

"हवेनं वाढलं?"

"गूळ-शेंगदाणे, दूध..."

"ते काय जेवण हाय?"

मी अप्पांकडं बघितलं. मी वाट बघितली, हो, मला अजून आठवतंय. काटा त्यांनी बघितलता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. अप्पा म्हणाले, "आता आलीयस न्हवं तू, बघ तूच." आणि वर्तमानपत्र उघडलं. गुळाचा व्यापारी माणूस, आयुष्यभर लोकांना दुकानात आल्याबरोबर गुळाचा खडा हातात देणारा. आणि स्वतःच्या पोराच्या पोटात गेलेला गूळ त्यानं धरला न्हाई.

महिन्याचं उरलेलं पीठ मग अव्वानं माझ्यावर काढलं. सकाळ, संध्याकाळ. परत न्हाणीघर.

त्यातच अज्जांनी घरात जंगमांचं जेवण ठेवलं. जंगम म्हणजे आमच्यातले पूजा सांगणारे स्वामी. त्यांना जेवायला बोलवायचं, पंगत धरायची, मोठं पुण्याचं काम. कशासाठी ठेवलतं? माझ्यासाठी. माझी फिट थांबली म्हणून! वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस राहिलते. मामा पण आला इचलकरंजीहून. पंगतीत मला स्वामींच्या शेजारी बसवलं, मान म्हणून. पुरणपोळी, तूप, दूध, कटाची आमटी, भात. पंगतीचा नियम असा की स्वामी उठल्याशिवाय कुणी उठायचं न्हाई आणि ताटात काय ठेवायचं न्हाई. मी अव्वाला नजरेनं सांगत होतो, एकच, एकच. तिनं एक वाढली. मी ती संपवली. स्वामी म्हणाले, "पोराला वाढा की." त्यांना काय माहीत? कौतुकानंच म्हणाले. दुसरी आली. मामा पलीकडनं म्हणाला, "खातोय की रं मस्त! उगंच फोनवर सांगत होते खात न्हाई म्हणून." सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मी दुसरी पोळी कशी खाल्ली मला माहीत न्हाई. तूप गळ्याशी आलतं. अज्जांसारखं ताटात पाणी ओतलं, फिरवलं, आणि प्यालो. स्वामींनी डोक्यावर हात ठेवला. अव्वाच्या डोळ्यात पाणी. गोळी तिथंच, सगळ्यांच्या समोर, हातावर आली.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. न्हाणीघराला कडी लावली आणि नळ सोडला.

ते चार-पाच दिवस तेच चाललं. पाहुणे होते, गोडधोड होतं, आणि अव्वाला आता खात्री होती की मला जातंय, फक्त बसून वाढायला पाहिजे. किती गोळ्या गेल्या मी मोजल्या न्हाईत. सांगत मात्र होतो. "अव्वा, आजची पण गेली. दुसरी दे." ती म्हणायची, एका दिवसात दोन दोन उष्ण गोळ्या देऊन मारू काय तुला?

मामा जाताना म्हणाला, "चल, शेड बघून ये. आता तुला आत उभा करतो." यष्टीनं गेलो. वाटेत मी इतका बोललो की मामा म्हणाला, जरा दम खा. शेडमध्ये गेलो, आणि पहिल्यांदा त्यानं मला दारातली खुर्ची दिली न्हाई. हाताला धरून आत नेलं, दोन मागांच्या मधी. कामगारानं मला बघून मान हलवली, ये म्हणून. जमीन थरथरत होती. मी एका मागाकडं वाकलो, धागे बघत होतो, इतके सरळ, इतके.

एवढंच आठवतंय.

नंतर मामानं सांगितलं, मागच्या मागं पडलो म्हणून वाचलो. पुढं पडलो असतो तर हात गेला असता. त्यानं धावत जाऊन सगळे माग बंद केले. मी डोळे उघडले तेव्हा शेडमध्ये अशी शांतता होती की मी तिथं ती कधीच ऐकली नव्हती, आणि मामा माझं डोकं मांडीवर घेऊन बसलता. माझ्या शर्टावर ओकारी होती. कुणीतरी म्हणत होतं, कांदा आणा, कांदा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. अव्वा, अप्पा, मी. काट्यावर चढवलं. डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या वजनाच्या पण खाली काटा. अप्पा म्हणाले, "साहेब, गोळी लागू न्हाई. फिट बी आली, वजन बी उतरलं."

मी म्हणालो, "डॉक्टर, गोळी पोटात ऱ्हातच नव्हती. जेवण जास्त झालं की उलटी होतीय, त्यात जातीय. थोडं खाल्लं की ऱ्हातीय. मागच्या महिन्यात बघा की तुम्हीच, तुम्हीच म्हणालता जमलं म्हणून..."

"उलटी गोळीनंच होतीय, साहेब," अव्वा म्हणाली. "आम्ही खाऊ घालतोय. सगळं घालतोय. तूप, दूध, तुम्ही सांगितलेलं सगळं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग काट्याकडं. बाहेर बाक भरून माणसं बसलेली. ते वाईट न्हवते. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं, असू शकेल. पण ह्या वजनाला मी ही गोळी चालू ठेवू शकत न्हाई बाळा. उद्या तुला काय झालं तर?" आणि जुनी गोळी लिहून दिली. अव्वानं त्यांना हात जोडले.

जुनी गोळी घेतली आणि आठवड्याभरात भूक परत आली. कुत्र्यासारखी आली. सकाळी डोळे उघडायच्या आधी भूक. मी दोन भाकरी खायला लागलो, मग अडीच, मग तीन. अव्वानं गल्लीत पेढे वाटले. खरंच वाटले. अज्जा गेले त्याच्या आधी काही दिवस त्यांनी माझ्या दंडाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, आता मला काळजी न्हाई. फिट परत महिन्याला येतीय, कधी दोन महिन्याला. आधी होती तशीच. घरात तिची सगळ्यांना सवय हाय. भूक नसायची सवय कुणाला झाली न्हाई.

मी आता बावीसचा हाय. दुकानात बसतो, अप्पांनी कॉम्प्युटर घेतलाय, त्याच्यावरच हे लिहितोय, गिऱ्हाईक आलं की थांबतो. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, ती गोळी परत देता काय, आता तर वजन भरपूर हाय. ते म्हणाले, घरच्यांना घेऊन ये, बोलू. घरच्यांना विचारलं तर अव्वा ताट बाजूला सारून म्हणाली, "त्या विषाचं नाव काढशील तर मी जेवणार न्हाई." आणि खरंच जेवली न्हाई त्या दिवशी. ती उपाशी राहिली की घरात कुणालाच घास जात न्हाई. मी परत विचारलं न्हाई.

मागच्या महिन्यात मामा आलता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान त्याच्या पुतण्याला त्यानं शेडवर घेतलाय. जेवायला बसलो, मी तिसरी भाकरी मोडत होतो, मामानं माझ्या पोटावर थाप मारली आणि अव्वाला म्हणाला, "आता कसा दिसतोय बघ! तवा नुसता काडीपैलवान होता. असला पाहिजे माणूस, दणकट."

"मग येऊ काय शेडवर?" मी विचारलं. हसतच विचारलं.

मामानं अव्वाकडं बघितलं. अव्वानं वाडग्यातली आमटी उगंचच ढवळली. मग मामानं आमटीचा वाडगा तिच्या हातातनं घेतला आणि माझ्या ताटात वाढली, भाकरी बुडेपर्यंत.

"जेव आधी," म्हणाला.